उजेड किती आत जातो?

आज मी कवितेवर बोलणार नाही. 'तुम्हाला हवा तो विषय घ्या' असं सांगण्यात आलं, आणि गेली काही वर्षं जो विषय माझ्या मागे लागला आहे तोच मी घेतला. विषय डॉक्टरांचा आहे, फिजिक्सवाल्यांचा आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझी शेवटची भेट दहावीच्या परीक्षेत झाली, आणि ती काही फार सुखाची नव्हती. तेव्हा मला समजलं तसं, माझ्या भाषेत सांगतो.

सुरुवात आमच्या परसापासून करतो. मी सहा-सात वर्षांचा असताना माझ्या धाकट्या खालाच्या हातावर पांढरे डाग उठले. कोड हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. 'डाग' एवढंच म्हणायचं. तिचं लग्न ठरायचं होतं, म्हणजे घरात काय वातावरण असेल ते वेगळं सांगायला नको. हकीमसाहेबांनी बावचीच्या बियांचा लेप दिला आणि बजावलं, लेप लावून कोवळ्या उन्हात बसायचं, मोजून थोडा वेळ. नुसता लेप लावून सावलीत बसलात तर उपयोग नाही, आणि लेप न लावता उन्हात बसलात तरी उपयोग नाही. खाला रोज सकाळी परसात हात पुढे करून बसायची. एक दिवस तिला वाटलं, जास्त बसलं तर लवकर गुण येईल. ऊन चढेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी हातावर टरटरून फोड आले. गंमत अशी की लेप जिथे लावला होता तिथेच फोड; शेजारची कातडी जशीच्या तशी.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. पन्नाशीनंतर पुन्हा आठवायची वेळ आली, आणि तेव्हा कळलं की त्या फोडांत केवढी विद्या लपलेली होती. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचा पदार्थ असतो. तो अंधारात झोपलेला असतो, सूर्याच्या अतिनील किरणांनी जागा होतो. आपल्याकडे बावची, तशीच इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात उगवणारी एक वनस्पती. तेराव्या शतकातल्या इब्न अल-बैतार या वनस्पतिपंडिताने तिचं बी आणि ऊन यांचा हाच उपचार लिहून ठेवला आहे. हा गृहस्थ जन्मला स्पेनमधल्या मालागाला आणि १२४८ साली वारला दमास्कसमध्ये. आयुष्यभर झाडपाला हुंगत फिरला. पुढे १९४०च्या दशकात कैरोच्या डॉ. अल-मुफ्ती यांनी त्याच वनस्पतीतलं औषध शुद्ध रूपात वापरून कोडावरचा आधुनिक उपचार उभा केला. म्हणजे औषध एकीकडून, उजेड दुसरीकडून. दोघांची गाठ पडेल तिथेच काम होणार, बाकी अंगाला त्रास नाही. ही कल्पना आपण लक्षात ठेवू.

आता दुसरी गोष्ट. २०२२ साली माझ्या थोरल्या भावाला, आम्ही त्यांना भाईजान म्हणत असू, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. स्वादुपिंड म्हणजे पोटात, जठराच्या मागे, थेट पाठीच्या कण्याला टेकलेला अवयव. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली होती, त्यामुळे ऑपरेशन होणार नव्हतं. डॉक्टरांनी केमोथेरपी सांगितली. त्याच आठवड्यात माझा पुतण्या मोबाईल घेऊन आला. "चाचा, हे वाचा. उजेडाने गाठ जळते. नॅनो-कण आत सोडतात, वरून लेझर मारतात. कापायचं नाही, केस जात नाहीत." एका मोठ्या शहरातल्या एका ठिकाणी हा उपचार मिळतो असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. त्याने घरात न विचारता पन्नास हजार आगाऊ भरलेही होते. केमो पुढे ढकलू, असं त्याचं म्हणणं. भाईजान काही बोलेनात. भाभी माझ्याकडे बघत होत्या. घरात शिकलेला म्हणून माझी ख्याती. आता कवीने सांगायचं, उजेडाने गाठ जळते की नाही!

मी आमच्या गावच्या निवृत्त फिजिक्सच्या प्राध्यापकांकडे गेलो. सर म्हणाले, "कवी, बातमी खोटी नाही. पण बातमी कुठली आणि दुकान कुठलं, हे वेगळं करावं लागेल." पुढचे दहा-बारा दिवस आम्ही दोघे तेवढंच करत होतो.

बातमी खरंच खोटी नाही. उजेडाच्या उपचाराचा आधुनिक इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीय विद्यार्थी होता. प्राध्यापक फॉन टापायनर यांच्या हाताखाली तो अ‍ॅक्रिडीन नावाचं रंगद्रव्य पाण्यातल्या पॅरामिशियम या एकपेशीय जीवांवर कितपत विषारी आहे ते पाहत होता. एकच द्रावण, एकच प्रमाण, पण जीव कधी लवकर मरत, कधी तासन् तास जगत. एके दिवशी बाहेर वादळी पाऊस होता, आभाळ काळवंडलेलं होतं, आणि त्या दिवशी जीव फार वेळ टिकले असं म्हणतात. राबच्या लक्षात आलं की फरक द्रावणात नाही, खिडकीतल्या उजेडात आहे. १९०० साली हे प्रसिद्ध झालं. तीनच वर्षांनी टापायनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने कातडीच्या कॅन्सरवर इओसीन हा रंग लावून उजेड पाडून पाहिला. त्याच १९०३ साली डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनना कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. हा माणूस स्वतः कायमचा आजारी, उन्हासाठी आसुसलेला. पुढच्याच वर्षी गेला.

एक गंमत सांगायची तर माणसाला मोह आवरत नाही. १९१२ साली मायर-बेट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने रक्तापासून काढलेलं एक रंगद्रव्य, हिमॅटोपॉर्फिरिन, स्वतःलाच टोचून घेतलं आणि उन्हात गेला. तोंड इतकं सुजलं की ओळखू येईना. पुढे कित्येक आठवडे त्याला ऊन सोसेना. आमच्या खालाचे फोड परवडले! पण त्याच जातीच्या औषधातून अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी १९७०च्या दशकात खरा उपचार घडवला. त्या औषधाला १९९३ साली कॅनडात मूत्राशयाच्या आणि १९९५ साली अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. डॉक्टर या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. औषध शिरेतून देतात, एक-दोन दिवस थांबतात, मग अन्ननलिकेत बारीक तंतू सोडून लाल लेझर पाडतात. रुग्णाला नंतर किमान महिनाभर कडक उन्हापासून जपावं लागतं.

आत नेमकं काय होतं? औषधाचा रेणू उजेड पितो आणि ती ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देतो. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू तसा शांत स्वभावाचा. पण ही ऊर्जा मिळाली की तो चवताळतो आणि हाताला लागेल ते जाळतो: पेशीचं आवरण, आतले भाग, सगळं. मात्र त्याचं हे चवताळणं टिकतं सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकं किंवा त्याहूनही कमी, आणि तेवढ्यात तो एका पेशीच्या रुंदीइतकंही अंतर कापू शकत नाही. म्हणून इजा होते ती उजेड आणि औषध भेटले त्याच जागी. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात. हे सगळं वाचून मी पुतण्याच्या बाजूला झुकू लागलो होतो, हे कबूल करतो.

मग सरांनी टेबलावरचा टॉर्च उचलला. "बोटं मिटा आणि मागून लावा," म्हणाले. हा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी केला आहे. पांढरा उजेड आत शिरतो आणि बोटं निखाऱ्यासारखी लाल दिसतात. का लाल? कारण निळा आणि हिरवा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं. लाल तेवढा वाट काढतो. पण तोही सरळ जात नाही, धुक्यातल्या मोटारीच्या दिव्यासारखा पसरत, विखरत जातो. जसजसं आत जावं तसा तो विरळ होतो. त्या मान्यता मिळालेल्या औषधाला लागणारा लाल उजेड, म्हणजे ६३० नॅनोमीटर लांबीच्या लहरी, काम करण्याइतपत जोर राखून जेमतेम सेंटिमीटरभर आत जातात. अनेकदा त्याहून कमी. म्हणून हा उपचार कातडीवर चालतो, तोंडात चालतो, अन्ननलिकेच्या, फुप्फुसाच्या नळीच्या आतल्या अस्तरावर चालतो. पोटाच्या कातडीपासून स्वादुपिंड केवढं आत!

ही गोष्ट मी हॉस्पिटलमध्ये भाईजानना सांगितली. रात्री वॉर्डातले दिवे मालवल्यावर त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला, बोटांवर धरला. बोटं लाल झाली. हसले. मग त्यांनी सदरा वर करून टॉर्च पोटावर टेकवला. भोवती लालसर कडं तेवढं दिसलं. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग बंद केला.

तर अडचण उजेडाची नाही, खोलीची आहे. आणि नॅनो-कणांची सगळी धडपड त्या खोलीसाठीच चालली आहे. सरांनी मला हे ज्या उपमेने सांगितलं तीच वापरतो. उजेड म्हणजे नाणी. निळा उजेड म्हणजे मोठं नाणं, लाल म्हणजे त्याहून लहान, आणि लालच्या पलीकडे डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड म्हणजे चिल्लर. शरीराच्या गल्लीबोळांतून चिल्लर जास्त लांब पोचते. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या लहरींना रक्तही फारसं अडवत नाही आणि पाणीही नाही; या पट्ट्याला शास्त्रज्ञ 'खिडकी' म्हणतात. पण मेख अशी की औषधाचं यंत्र चिल्लर घेत नाही. प्राणवायूला चवताळायला ठरावीक किमतीचं नाणं लागतं. जो उजेड आत पोचतो त्याच्यात जोर नाही, आणि ज्याच्यात जोर आहे तो पोचत नाही. गरिबाच्या संसारासारखं.

मग आतच एखादा सराफ बसवला तर? दोन लहान नाणी घेऊन एक मोठं देणारा? असा सराफ खरंच आहे. फ्रान्सच्या फ्रान्स्वा ओझेल यांनी १९६६ साली दाखवलं की काही विशिष्ट धातूंचे अणू अवरक्त उजेडाचे दोन घास एकामागोमाग गिळून एक मोठा, दिसणारा उजेड बाहेर टाकू शकतात. माळ्यावर चढायला एका उडीत जमत नाही. मधल्या स्टुलावर थांबून दुसरी उडी मारायची, तसा हा प्रकार. त्यातही कामाची वाटणी असते. इटर्बियम नावाचा धातू उजेड गोळा करतो आणि शेजारच्या एर्बियमला देतो, जसा बांधकामावरचा गडी खालून विटा झेलून वरच्या गड्याला देतो. एर्बियमकडे दोन विटा जमल्या की हिरवा किंवा लाल उजेड बाहेर पडतो. एर्बियमऐवजी थुलियम घातलं तर निळा. हे दोघे गडी ज्या स्फटिकात बसवतात तो सोडियम, इट्रियम आणि फ्लोरिन यांचा.

इथे माझ्यातला कवी थोडा अडखळला. इट्रियम, इटर्बियम, एर्बियम ही तिन्ही नावं एकाच गावावरून पडली आहेत. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ इटर्बी नावाचं खेडं आहे. तिथल्या खाणीतल्या एका काळ्या दगडातून ही मूलद्रव्यं सापडत गेली. चौथं टर्बियम, तेही त्याच गावचं. एका खेड्याच्या नावाचे चार तुकडे करून चार मूलद्रव्यांची बारशी केली. आपल्याकडच्या एखाद्या खाणीच्या गावाला हे भाग्य लाभलं असतं तर आपण कमानी उभारल्या असत्या. असो.

हा स्फटिक फार बारीक करायचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. हे कण काही दहा ते शंभर-दीडशे नॅनोमीटरचे. कणावर औषधाचा थर चढवायचा, कण गाठीत पोचवायचे, बाहेरून न दिसणारा अवरक्त लेझर पाडायचा. आतला सराफ चिल्लर मोडून मोठं नाणं देणार, अंगावर बसलेलं औषध ते घेणार, प्राणवायू चवताळणार. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले झांग योंग आणि त्यांचे सहकारी यांनी हे २०१२ साली जिवंत प्राण्यात करून दाखवलं आणि 'नेचर मेडिसिन'मध्ये छापलं. त्यांनी एकाच कणावर दोन औषधं बसवली: एक हिरवा उजेड पिणारं, दुसरं लाल. कण दोन्ही रंग देत असल्याने काहीच वाया जात नाही. ९८० नॅनोमीटरचा लेझर वापरला. गाठींची वाढ मंदावली. पुतण्याच्या मोबाईलवरची बातमी शोधत मागे गेलो तर तिचं मूळ अशाच कामात निघालं.

पण त्या गाठी उंदरांच्या होत्या, आणि कातडीखालच्या. अख्खा उंदीर उताणा पाडला तर जाडीला दोनेक सेंटिमीटर भरतो. त्याच्यात जे 'खोल' ते भाईजानच्या पोटावरच्या चरबीतच संपलं असतं.

आणि सराफाची दलाली? ती तर विचारू नका. हे नॅनो-कण जेवढा उजेड घेतात त्यातला परत देतात तो अनेकदा शंभरात एक भागाहूनही कमी. म्हणून लेझर जोरात लावावा लागतो. पण ९८० नॅनोमीटरचा उजेड पाणीही पितं, आणि शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, अंग तापतं. त्यावर तोड म्हणून कणात निओडिमियम नावाचा आणखी एक गडी बसवून ८०८ नॅनोमीटरचा, पाण्याला कमी रुचणारा उजेड वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. तेही प्रयोगशाळेत.

याहून मोठा प्रश्न कण गाठीपर्यंत पोचण्याचा. जपानच्या कुमामोतो विद्यापीठातले मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली दाखवलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या घरासारख्या गळक्या असतात. मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साचतात. या एका गोष्टीवर नॅनो-औषधांची सगळी आशा उभी राहिली. मग २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला: टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचतात किती? मध्यक आकडा निघाला ०.७ टक्के. म्हणजे हजार टोचले तर सात! बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात, कारण रक्तातला कचरा गाळणं हे त्यांचं कामच आहे. स्वादुपिंडाची गाठ तर आणखी अडेल. ती तंतुमय, घट्ट, कमी रक्ताची असते. रक्त कमी म्हणजे कण कमी, आणि प्राणवायूही कमी. जाळायला सरपण नाही अशी चूल.

मग माणसांवर काहीच झालेलं नाही का? झालं आहे. ते सांगितलं नाही तर मी पुतण्यावर अन्याय करीन. सर्वांत पुढे गेलेला कण सोन्याचा. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी काचेच्या जातीच्या बारीक गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा चढवला. मुलाम्याची जाडी नेमकी राखली की हा कण अवरक्त उजेड पितो आणि तापतो. इथे औषध नाही, प्राणवायूची गरज नाही, सरळ चटका. २००३ साली उंदरांवर, आणि २०१९ साली प्रोस्टेटच्या कॅन्सरचे सोळा रुग्ण. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले डॉक्टर त्यात होते. आदल्या दिवशी शिरेतून कण दिले, दुसऱ्या दिवशी लेझर. पंधरा जणांचा उपचार पुरा झाला. वर्षानंतर त्यांतल्या तेरा जणांच्या, जिथे चटका दिला त्या जागेत, कॅन्सर आढळला नाही. लहान, एकाच जागी असलेल्या, सुरुवातीच्या गाठी होत्या या. आमच्याकडे कुणी म्हणालं, सोनंच ना, मग सोन्याचा कुश्ता द्या! नाही हो. हकिमाचा कुश्ता काय आणि वैद्याचं सुवर्णभस्म काय, त्याचा या मोजूनमापून मुलामा दिलेल्या कणाशी संबंध नाही.

त्या प्रयोगातली एक गोष्ट मी दोनदा वाचली. लेझर कातडीवरून मारला नव्हता. सुईवाटे बारीक तंतू आत, थेट गाठीत नेले होते. म्हणजे कण सोन्याचा असूनही उजेडाला हात धरूनच आत न्यावं लागलं. आणि हात धरून न्यायचंच तर नॅनो-कणांवाचूनही ते झालेलं आहे, तेही स्वादुपिंडात! लंडनमध्ये स्टीफन बाऊन आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या सोळा रुग्णांना उजेडाचं औषध देऊन, पोटातून सुया घालून, त्यांतून लाल उजेड गाठीत पाडला होता. २००२ साली ते प्रसिद्ध झालं. गाठीचा भाग मेला हे स्कॅनमध्ये दिसलं. दोघांना पोटात रक्तस्राव झाला. उपचारानंतरचं मध्यक आयुष्य साडेनऊ महिने. सोळापैकी सात जण वर्षभर जगले. हे आकडे मी वहीत लिहिले आणि वही मिटून ठेवली.

एक्स-रे हाही एक उजेडच, आणि तो तर आरपार जातो. २००६ साली अमेरिकेतल्या वेई चेन आणि जुन झांग यांनी सुचवलं की एक्स-रे पडल्यावर चमकणारे नॅनो-कण औषधासह गाठीत ठेवले तर खोलीचा प्रश्नच उरणार नाही. नेहमीचं रेडिएशन देताना आतल्या आत दिवा लागेल. मला सगळ्यांत हीच कल्पना जास्त भरवशाची वाटते, कारण रेडिएशनची यंत्रं हॉस्पिटलांत आधीच आहेत. पण कणाने दिलेला उजेड फार मंद असतो, आणि या वाटेवरचं बहुतेक काम अजून प्राण्यांवरच आहे.

वही घेऊन मी भाईजानच्या डॉक्टरांकडे गेलो. वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत. लंडनचा प्रयोग त्यांना माहीत होता. म्हणाले, "संशोधनात रुग्ण घेतात तेव्हा त्याची नोंद असते, नैतिक समितीची परवानगी असते, आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तुमच्या पुतण्याने पैसे भरलेत ना? मग त्यांना विचारा, कोणतं औषध, किती नॅनोमीटरचा उजेड, उजेड आत कुठून नेणार." आम्ही फोन करून हेच तीन प्रश्न विचारले. पलीकडची बाई गोड बोलत होती. "सर, आपली टेक्नॉलॉजी इम्पोर्टेड आहे," एवढंच पुन्हा पुन्हा. पन्नास हजार परत आले नाहीत. केमो ठरल्या तारखेला सुरू झाली. भाईजान त्यानंतर अकरा महिने जगले. त्यांतले सहा-सात महिने बरे गेले; नातीला शाळेत सोडायला जात. त्या दुकानाच्या नादात केमोला दोन महिने उशीर झाला असता तर हे महिने मिळाले असते की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

पुतण्याला मी दोष देत नाही. बापासाठी पोरगा काहीही वाचतो.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती खोलीची नाही, वरवरची आहे. हे सगळं वाचताना अलीगढच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या कामाची माहिती मिळाली. बॉस्टनचे तय्यबा हसन, जोनाथन सेली वगैरे शास्त्रज्ञ आणि तिथले डॉक्टर यांनी मिळून तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी उजेडाचा स्वस्त उपचार करून पाहिला. औषध प्यायला द्यायचं. महागड्या लेझरऐवजी बॅटरीवर चालणारा साधा एलईडी, त्याचा लाल उजेड तंतूवाटे तोंडात. गाठीत औषध किती मुरलं ते बघायला मोबाईलचा कॅमेरा. नॅनो-कण नाहीत, सराफ नाही. तोंडातली गाठ उथळ असते, उजेड तिथे पोचतो.

हे मी घरी सांगत होतो, तेव्हा पुतण्या समोर बसला होता. गालात मावा. मी म्हटलं, "तोंड उघड." तो म्हणाला, "चाचा, उगीच काय?" मी मोबाईलचा टॉर्च लावला. डाव्या गालाच्या आत, मावा ठेवायच्या जागी, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. तो म्हणाला, चुन्याने भाजलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पुढे पाठवलं, तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण पुढे तसा होऊ शकणारा चट्टा आहे असं सांगितलं. मावा बंद करायचा, आणि तीन-तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. मावा पूर्ण सुटलेला नाही, हे मला त्याच्या खिशावरून कळतं. पुढची तारीख एकोणीस आहे. मी बरोबर जाणार आहे.